घरच्या संगणकाची दुसरी किल्ली

जुन्या लोखंडी तिजोरीबरोबर दोन किल्ल्या मिळत. एक घरच्या कर्त्या माणसाच्या कमरेला असे, व दुसरी एखाद्या विश्वासू नातलगाच्या घरी ठेवलेली असे. दुसरी किल्ली तिजोरीच्या आतच ठेवून वर कुलूप लावणाऱ्या मनुष्यास आपण काय म्हणू? तथापि आज आपणांपैकी पुष्कळांच्या घरी जो संगणक आहे, त्याच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत असतो. संगणक बिघडला तर तो दुरुस्त करण्याचे साधन त्याच संगणकाच्या पोटात असते, आणि तेथेच असल्यामुळे ऐन वेळी ते हाती येईलच असे नाही. हे साधन काय आहे, त्याची प्रत बाहेर कशी काढावी व त्या प्रतीवरून संगणक पूर्ववत् कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून हा विषय मी का निवडला ते कळावयाचे नाही. २०१४ साली माझ्या घरी विंडोज ७ वर चालणारा लॅपटॉप होता. त्यात 'रिकव्हरी' या नावाचा सुमारे पंधरा गिगाबाइटचा एक वेगळा विभाग दिसे. मला जागा अपुरी पडत होती. हा विभाग कोणी वापरीत नाही, मग तो अडवून कशाला ठेवावयाचा, अशा विचाराने मी तो पुसून टाकला. पुढे काही महिन्यांनी अद्ययावतीकरण चालू असताना घरातील मुलाने बटण दाबून संगणक बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी तो सुरूच होईना. दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथील कारागिराने विचारले, "सर, रिकव्हरी विभाग दिसत नाही. फॉरमॅट करून नवी प्रणाली घालू का?" त्या शब्दाचा पूर्ण अर्थ मनात न आणता मी म्हणालो, "घाला."

दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. त्या पुन्हा लिहिता आल्या. परंतु अब्बांनी आपल्या अखेरच्या वर्षात मला जे जे सांगितले होते, आमचे आजोबा या गावी कसे आले, पहिले दुकान कोठे होते, कोणी कोणाला आधार दिला, ते सर्व त्यांच्याच आवाजात मी फोनवर मुद्रित करून त्या लॅपटॉपवर ठेवले होते, व जागा व्हावी म्हणून फोनवरून काढून टाकले होते. ते गेले ते गेलेच. पुढे या विषयाचा अभ्यास केल्यावर मला उमगले की, त्या दिवशी डिस्क बिघडलेली नव्हतीच. बिघडली होती ती केवळ प्रणाली. दहा मिनिटे थांबून फाइली आधी बाहेर काढा, एवढे मी म्हटले असते तर पुरे होते.

१. विभाग म्हणजे काय

बाहेरून डिस्क एकच दिसते; परंतु एका वाड्यात जशा निरनिराळ्या कामांच्या खोल्या असतात, तसे तिचे आत विभाग पाडलेले असतात. यांनाच पार्टिशन म्हणतात. हल्लीच्या विंडोज संगणकात सामान्यतः चार विभाग आढळतात.

पहिला विभाग ई-एफ-आय सिस्टिम विभाग. हा वाड्याचा दिंडीदरवाजा होय. त्याचा आकार बहुधा १०० मेगाबाइट, काही संगणकांत २६० मेगाबाइट असतो. वीज सुरू होताच संगणक प्रथम येथे पाहतो, व विंडोज कोठे आहे हे त्याला येथून कळते. हा विभाग नष्ट झाला तर बाकी सर्व शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही. दुसरा विभाग अवघा १६ मेगाबाइटचा, मायक्रोसॉफ्टने राखीव ठेवलेला. त्यात आपल्या फाइली नसतात. तिसरा विभाग म्हणजे आपला परिचित 'सी' ड्राइव्ह. विंडोज, आपण घातलेले कार्यक्रम व आपले कागदपत्र हे सर्व यातच असते. चौथा रिकव्हरी विभाग. हा बहुधा काहीशे मेगाबाइट ते सुमारे एक गिगाबाइट एवढा असतो, आणि त्यात दुरुस्तीपुरती एक छोटी स्वतंत्र विंडोज असते. मुख्य विंडोज सुरू होताना लागोपाठ अपयशी ठरू लागली की, ही छोटी विंडोज पुढे येते व दुरुस्तीचे पर्याय दाखविते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विंडोज ७ च्या काळात संगणक विकणाऱ्या कंपन्या रिकव्हरी विभागात संपूर्ण विंडोजची नक्कल ठेवीत. म्हणून तो दहा-वीस गिगाबाइटचा असे. विंडोज १० पासून ही पद्धत बदलली. आता त्या विभागात मुख्यतः दुरुस्तीची हत्यारे असतात, व नवी विंडोज उभी करण्याचे सामान 'सी' ड्राइव्हमधूनच अथवा इंटरनेटवरून घेतले जाते. अर्थात् 'सी' ड्राइव्ह पूर्ण नासला तर केवळ रिकव्हरी विभागाचा उपयोग मर्यादितच होतो.

आपल्या घरच्या संगणकात काय आहे ते पाहण्यासाठी 'स्टार्ट' बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. खाली एक आडवी पट्टी दिसेल व तिच्यावर विभाग ओळीने मांडलेले असतील. मात्र १६ मेगाबाइटचा राखीव विभाग तेथे दाखविला जात नाही. ही खिडकी पाहण्यासाठी आहे. कळल्याशिवाय तेथे काहीही पुसू नये.

२. बिघाड कोणत्या वाटांनी येतो

पहिली वाट मनुष्याच्या चुकीची. तिचे उदाहरण वर दिलेच आहे. दुसरी वाट डिस्क झिजण्याची. फिरत्या डिस्कचे यंत्र झिजते. न फिरणारी एस-एस-डी तर पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. तिसरी वाट अद्ययावतीकरणाची. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी एक सुरक्षा-सुधारणा दिली. ती रिकव्हरी विभागातील छोट्या विंडोजसाठी होती. परंतु असंख्य संगणकांत तो विभाग लहान पडल्यामुळे ती बसेना व चूक दाखवू लागली. विभाग २५० मेगाबाइटने वाढवा, असे कंपनीला लोकांना सांगावे लागले. आपल्या घरात असा विभाग आहे हे पुष्कळांना त्या दिवशी प्रथमच कळले!

चौथी वाट दुष्ट हेतूने येणाऱ्या कार्यक्रमांची. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या नावाच्या कार्यक्रमाने सुमारे दीडशे देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा वेळी संगणकाला जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही त्याच तडाख्यात सापडते, हे विसरता कामा नये.

३. तीन प्रकारच्या प्रती

'बॅकअप घेतला आहे' असे म्हणणाऱ्यास प्रथम विचारावे, कशाचा? कारण प्रती तीन प्रकारच्या असतात व एकीचे काम दुसरी करीत नाही.

पहिली प्रत फाइलींची. छायाचित्रे, पत्रे, हिशेब, ध्वनिमुद्रणे दुसऱ्या डिस्कवर उतरून ठेवणे. संगणक नवा घेता येतो, विंडोज पुन्हा घालता येते. फाइली मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून ही प्रत सर्वांत महत्त्वाची.

दुसरी प्रत रिकव्हरी ड्राइव्हची. ही पेन-ड्राइव्हवर तयार होते. संगणक सुरूच होत नसेल तर यावरून सुरू करता येतो, व त्यात प्रणालीच्या फाइली घेतल्या असतील तर नव्या डिस्कवरही विंडोज उभी करता येते. मात्र तिच्यात आपले कागदपत्र नसतात, की आपण घातलेले कार्यक्रमही नसतात.

तिसरी प्रत सिस्टिम इमेजची, म्हणजे दिंडीदरवाजापासून रिकव्हरी विभागापर्यंत सर्व आवश्यक विभागांचे त्या दिवशीचे हुबेहूब चित्र. ही परत घातली म्हणजे संगणक त्या दिवशी जसा होता तसा, कार्यक्रम, मांडणी व फाइली यांसह, उभा राहतो.

४. रिकव्हरी ड्राइव्ह तयार करण्याची कृती

किमान १६ गिगाबाइटचा, शक्यतो ३२ गिगाबाइटचा, रिकामा पेन-ड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व काही पुसले जाणार आहे. म्हणून मुलांची गाणी त्यात आहेत की काय ते आधी पाहावे. शोधाच्या चौकटीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' असे रोमन लिपीत लिहून तो कार्यक्रम उघडावा. प्रणालीच्या फाइलींचीही प्रत घ्यावयाची काय, असा प्रश्न येईल. तेथील चौकटीत खूण असू द्यावी. पुढे पेन-ड्राइव्ह निवडून 'क्रिएट' दाबावे. यास एक तास किंवा अधिकही लागेल. घाई करू नये. वर्षातून एकदा हा ड्राइव्ह नव्याने तयार करावा, म्हणजे मधल्या काळातील सुधारणा त्यात येतात.

तत्पूर्वी आपल्या संगणकातील छोटी विंडोज जागी आहे की नाही हे तपासावे. 'कमांड प्रॉम्प्ट' हा कार्यक्रम व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावा. आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही आठ रोमन अक्षरे सलग लिहावी, एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ द्यावी व तिला लागून 'इन्फो' हा शब्द लिहून 'एंटर' दाबावे. उत्तरात 'एनेबल्ड' हा शब्द आला तर सर्व ठीक. 'डिसेबल्ड' आला तर 'इन्फो' च्या जागी 'एनेबल' लिहून ती चालू करावी. तरीही होत नसेल तर जाणत्यास दाखवावे.

५. सिस्टिम इमेज घेण्याची कृती

यासाठी बाहेरची हार्ड डिस्क हवी. साधा पेन-ड्राइव्ह हा कार्यक्रम स्वीकारीत नाही. डिस्कची मांडणी एन-टी-एफ-एस पद्धतीची असावी. 'कंट्रोल पॅनेल' मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७' या नावाची सोय आहे. नाव जुने असले तरी ती विंडोज ११ मध्येही आहे. तेथे डाव्या बाजूस 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' असे दिसेल. ते दाबून बाहेरची डिस्क निवडावी. कोणते विभाग घेतले जाणार त्याची यादी येईल. ई-एफ-आय विभाग, 'सी' ड्राइव्ह व रिकव्हरी विभाग त्यात आहेत याची खात्री करून काम सुरू करावे.

वेळ किती लागेल? साधे गणित करू. भरलेला मजकूर १०० गिगाबाइट, म्हणजे सुमारे १,००,००० मेगाबाइट आहे असे धरा. जलद यू-एस-बी तारेने सेकंदाला १०० मेगाबाइट गेले तर १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे. जुन्या यू-एस-बी २ तारेने सेकंदाला ३० मेगाबाइट गेले तर सुमारे ५६ मिनिटे. प्रत्यक्षात याहून अधिक लागतो. म्हणून रात्रीच्या जेवणापूर्वी काम लावून द्यावे, व लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर जोडलेला ठेवावा.

डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' या नावाचे फोल्डर तयार होईल. त्याचे नाव बदलू नये व परत घालण्याच्या वेळी ते डिस्कच्या मुळाशी, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही फोल्डरच्या आत नाही अशा जागी, असावे.

मायक्रोसॉफ्ट ही सोय आता पुढे वाढवीत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना दुसरे साधन हवे त्यांच्यासाठी 'क्लोनझिला' हा तैवानमधील राष्ट्रीय संगणन-केंद्रात तयार झालेला मोफत कार्यक्रम आहे. तो विंडोजबाहेरून, स्वतःच्या पेन-ड्राइव्हवरून चालतो व लिनक्सच्या विभागांचीही प्रत घेतो. मात्र त्याचे पडदे केवळ अक्षरांचे असल्यामुळे स्रोत कोणता व लक्ष्य कोणते हे दोनदा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. या दोहोंची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते!

६. परत घालण्याची कृती

संगणक सुरू होत नाही असे दिसताच पहिले काम म्हणजे काहीही न करणे. शांतपणे विचार करावा की, शेवटच्या प्रतीनंतर घरात काय काय नवे झाले? गेल्या महिन्यातील लग्नाची छायाचित्रे आत आहेत काय? असतील तर ती आधी बाहेर काढावी. लिनक्सच्या पेन-ड्राइव्हवरून संगणक सुरू करून, किंवा डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून, फाइली बहुधा उतरविता येतात. इमेज परत घातली म्हणजे डिस्कवरील सर्व पुसले जाते, आणि इमेजच्या तारखेनंतरचे काहीही उरत नाही.

त्यानंतर दुरुस्तीचे पर्याय सौम्य ते कठोर या क्रमाने घ्यावेत. वैद्य प्रथम काढा देतो, शस्त्र मागाहून काढतो. रिकव्हरी ड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'ट्रबलशूट' व त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' येथे जावे. प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. दिंडीदरवाजाचाच बिघाड असेल तर एवढ्याने भागण्याचा संभव असतो. मग 'सिस्टिम रिस्टोअर'. तेही न साधल्यास, बाहेरची डिस्क जोडून 'सिस्टिम इमेज रिकव्हरी' निवडावे, प्रतीची तारीख वाचून खात्री करावी व काम सुरू करावे.

येथे तीन अटी आहेत. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असू नये. आत मजकूर थोडा असला तरी हे साधन लहान डिस्क नाकारते. दुसरी अशी की, ज्या पद्धतीच्या संगणकावर प्रत घेतली त्याच पद्धतीने पेन-ड्राइव्ह सुरू झाला पाहिजे. यू-ई-एफ-आय पद्धतीची प्रत जुन्या बायोस पद्धतीने सुरू केल्यास परत घालता येत नाही. तिसरी अट, परत घालण्याच्या वेळी संगणकाला दुसऱ्या अनावश्यक डिस्का जोडलेल्या नसाव्यात, म्हणजे भलतीच डिस्क पुसली जात नाही.

इमेज नसेल तर 'रीसेट धिस पीसी' हा पर्याय उरतो. यात फाइली ठेवण्याचा किंवा सर्व काढण्याचा प्रश्न येतो. फाइली ठेवल्या तरी आपण घातलेले कार्यक्रम जातात, हे जाणून असावे.

७. काही पथ्ये

पहिले पथ्य बिटलॉकरचे. हल्लीच्या अनेक संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, व दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकांची किल्ली विचारली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. आजच ती पाहून कागदावर लिहावी व घराच्या कागदपत्रांत ठेवावी. ही किल्ली नसली तर डिस्क शाबूत असूनही फाइली कोणाच्याच हाती लागत नाहीत. उलट, उघड्या संगणकाची घेतलेली इमेज मात्र कुलूपबंद नसते. म्हणून ती डिस्क कपाटात कुलपाआड ठेवावी.

दुसरे पथ्य, तीन-दोन-एक या नियमाचे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी तो रूढ केला. एकूण प्रती तीन, दोन प्रकारच्या साधनांवर, व त्यांतील एक घराबाहेर. बाहेरची प्रत बहिणीच्या घरी ठेवली तरी चालेल. काम संपताच डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी.

तिसरे पथ्य, प्रत पारखून पाहण्याचे. १९९८ साली अमेरिकेतील 'पिक्सार' या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना चुकीच्या एका आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. प्रती घेण्याची व्यवस्था होती. पण ती नीट चालत नाही हे त्याच दिवशी उघडकीस आले! त्या संस्थेतील गॅलिन सुसमन या बाई नुकत्याच बाळंत झाल्यामुळे घरून काम करीत, व त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. त्या प्रतीने चित्रपट वाचला. तात्पर्य, उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. वर्षातून दोनदा पेन-ड्राइव्हवरून संगणक सुरू करून पाहावा व पाचदहा फाइली उघडून पाहाव्यात.

चौथे पथ्य, दुरुस्तीला देताना 'फॉरमॅट' या शब्दास होकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "आतील फाइली आधी बाहेर काढल्या काय?"

उपसंहार

सर्वांनी सर्व काही एकाच दिवशी करावे असे मी म्हणत नाही. पहिल्या रविवारी फाइलींची प्रत, दुसऱ्या रविवारी रिकव्हरी ड्राइव्ह, तिसऱ्या रविवारी सिस्टिम इमेज, व चौथ्या रविवारी त्यांची पारख, असा एका महिन्याचा पाठ घरातील मुलांकडून करवून घ्यावा. त्यांना तो पटकन जमेल, आणि घरात काय जपून ठेवण्यासारखे आहे, हेही त्यांना त्या निमित्ताने कळेल. तहान लागल्यावर विहीर खणण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढाच हेतू.

अब्बांचा आवाज परत आला नाही. त्यांची धाकटी बहीण, आमची फुफी, अद्याप आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला समोर बसवून, तिला आठवते तेवढे मी मुद्रित केले. दुकानाची जागा तिने वेगळीच सांगितली; खरी कोणती हे विचारावयास आता कोणी नाही. त्या मुद्रणाच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या संगणकावर, एक कपाटातील डिस्कवर, व एक फुफीच्याच घरी, तिच्या दागिन्यांच्या डब्यात.